एक इंचाचे डॉक्टर

एका माणसाची पाठ मी इतकी स्वच्छ धुतली, की त्याचा पाय जायची वेळ आली.

हे वाक्य मी आमच्या घरात आजवर उच्चारलेलं नाही. नातवंडांना ठाऊक आहे ती वेगळीच आजी: ऑपरेशन थिएटरात पंचवीस वर्षं काढलेली, कापसाचा एक बोळाही कधी न हरवलेली, जिच्यासमोर मोठमोठे सर्जन आवाज खाली आणत ती. ती आजी खोटी नाही, पण ती नंतरची. तिच्याआधी नागपुरातल्या इंदोऱ्याची एक सव्वीस वर्षांची बया होती. कडक इस्त्रीची टोपी चार पिनांनी डोक्यावर बसवायची, आरशासमोर उभी राहून स्वतःलाच "यस, सिस्टर" म्हणून बघायची, आणि आपल्याला सगळं येतं या दुखण्यानं चांगली अंथरुणाला खिळलेली होती. पाठ तिनं धुतली. मी नाही. असं म्हणून बघितलं मी पुष्कळदा, पण मनाला पटत नाही.

ते सगळं सांगतेच. पण आधी डॉक्टर सांगायला हवेत. डॉक्टर कळले नाहीत तर माझी चूक नुसतीच चूक राहील, आणि मला तर म्हातारपणी तिच्यावर थोडा भाव खायचा आहे.

नागपुरात त्यांना सगळे 'एक इंचवाले' म्हणत. निम्मे कौतुकानं, निम्मे दात काढून. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मणक्यांमधली गादी सरकली आणि पायाकडं जाणारी नस दाबून बसली, तर त्या काळी ऑपरेशन म्हणजे वीतभर चीर. दोन्ही बाजूंचं मांस खरवडून बाजूला करायचं, हाड तोडायचं, आणि त्या विहिरीच्या तळाशी सरकलेला तुकडा शोधायचा. पेशंट तीन-तीन आठवडे खाटेवर. उठला की म्हणायचा, पायाचं दुखणं गेलं हो, पण ही पाठ कोणाची लावली?

आमच्या डॉक्टरांना ती वीतभर चीर सहन व्हायची नाही. "लपला आहे शेंगदाण्याएवढा तुकडा," ते म्हणायचे, "अन् आपन घर पाडून राहिलो." त्यांनी बाहेरदेशी छापलेले कागद वाचले, खालच्या मजल्यावरच्या कानाच्या विभागातला मायक्रोस्कोप मागून घेतला, आणि एका इंचाच्या चिरेतून काम करायला लागले. मागून घेतला म्हणजे रोज सकाळी ते अवजड धूड स्वतः ढकलत आणायचे आणि दुपारी ढकलत परत नेऊन द्यायचे. वॉर्डबॉय पुढे आला तर म्हणायचे, "तुम्ही नका ढकलू. हा फक्त मलेच ओळखते."

इंच मोजायला त्यांच्याकडे स्टीलची फूटपट्टी होती. होती म्हणजे, तिच्यातला पहिला इंच होता. बाकीचे अकरा त्यांनी लोहाराकडून कापून टाकले होते. तो इंचभर तुकडा आम्ही बाकीच्या हत्यारांबरोबर उकळायचो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, कुणाचं तरी काही मोडलं. विचारलं तर म्हणाले, "सिस्टर, याच्यापुढं आकडाच नाही. मंग हाताले मोह कशाचा होईल?"

आमच्याकडचे एक मोठे सर, वयानं आणि पोटानंही मोठे, चहाच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हणाले, "शर्टाच्या काजातून खिसा कापून राहिला हा." डॉक्टरांनी बशीतला चहा फुंकून संपवला आणि शांतपणे म्हणाले, "सर, खिसा कापनाराही दोनच बोटं घालते. पुरा हात घातला की धरल्या जाते."

त्यांच्या अशा वागण्याला काही लोक वेड म्हणत. माझ्याकडे पुरावे दोन्ही बाजूंचे आहेत.

माणसांना ते सरसकट 'तुम्ही' म्हणत. झाडूवाल्या मावशींना तुम्ही, पाळण्यातल्या पोराला तुम्ही, चावायला धावणाऱ्या कुत्र्यालाही मी त्यांना "तुम्ही तिकडं जा" म्हणताना ऐकलं आहे. मणक्याला मात्र 'तू'. मायक्रोस्कोपला डोळे लावले की त्यांची कुजबुज सुरू व्हायची. "सरक नं गा थोडासा. तुले काही करत नाही मी. मागं कोन लपून राहिलं तेवढं पाहू दे." आणि नस दिसली की एकदम बाईमाणसाशी बोलावं तसं, "घाबरू नको वं. आलो." नवीन आलेले भूलतज्ज्ञ पहिल्या दिवशी पेशंटची नाडी सोडून डॉक्टरांकडेच बघत बसले होते.

रविवारी सकाळी सदर बाजारातल्या मटणाच्या दुकानात जायचे. घर पक्कं शाकाहारी, अंडंसुद्धा उंबऱ्याबाहेर. पण खाटीक त्यांच्यासाठी बकऱ्याचा कमरेचा कणा अख्खा बाजूला ठेवायचा. मी एकदा त्याच दुकानात उभी होते. तो म्हणाला, "डॉक्टर साब, आज की कमर देखो आप. खाते नहीं हो, इसी का अफसोस है." ती कमर मग दवाखान्यात यायची, आणि मायक्रोस्कोपखाली डॉक्टर इंचभर चिरेतून बकऱ्याची गादी काढायचा सराव करायचे. अर्धी राहिली की फ्रीजमध्ये, आमच्या दुधाशेजारी. मेट्रन बाई चिडल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, एकतर तुमचा बकरा राहील, नाहीतर माझं दही." दुसऱ्या दिवशी दोन्ही होते. बकऱ्याच्या पुडक्यावर चिठ्ठी होती: 'क्षमस्व. दह्याला शेजार कळू दिलेला नाही.'

आणि तो रिक्षाचा किस्सा. बर्डीच्या बाजारातून सायकलरिक्षानं दवाखान्यात येताना त्यांच्या लक्षात आलं, की रिक्षावाला एका कुल्ल्यावर बसून पायडल मारतो आहे. रिक्षा थांबवली, त्याला खाली उतरवलं, भर रस्त्यात वाकवून बघितलं, मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः रिक्षा ओढत आले. फाटकावरच्या चौकीदारानं सवयीनं मागच्या सीटला सलाम ठोकला. रिक्षावाल्यानंही बिचाऱ्यानं घाबरून सलाम घेतला. पुढं कित्येक दिवस आम्ही हसत होतो. हसण्यात एक गोष्ट मागं पडली, की त्या माणसाची नस खरंच दबली होती आणि डॉक्टरांनी ते त्याच्या मागे बसून, त्याची पाठ बघून ओळखलं होतं. मला हे कळायला वेळ लागला. तेव्हा मी टोपी नीट करण्यात गुंतले होते.

आता पाठ.

खापरखेड्याच्या वीजघरातला एक फिटर आला. पस्तिशीचा, हातांना ग्रीसचा वास, तिरका उभा राहायचा. डाव्या पायात कमरेपासून अंगठ्यापर्यंत कळ, आणि आता पाऊलही उचलेना. चालताना डाव्या पायातली चप्पल वाटेतच सुटायची आणि त्याला पत्ताच लागायचा नाही. बायको मागून चप्पल उचलत यायची. त्याचं काम शिड्यांवर चढण्याचं. त्यानं एकच विचारलं.

"शिडी चढता येईन नं, डॉक्टरसाहेब?"

"येईन असं छातीठोक सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "नस लय दिवसांपासून दबून राहिली. आत्ता मोकळी झाली तं पाय वापस येईल. आनखी वेळ गेला, नाहीतर मी चुकीच्या जागी शिरलो, तं मग नाही सांगता येत."

हे मी ऐकलं होतं. खाटेजवळच उभी होते.

एका इंचाची मेख अशी, की चीर लहान असली की जागा चुकवून चालत नाही. वीतभर उघडलं तर आत गेल्यावर खाली-वर शोधता येतं. एक इंचातून तुम्ही जिथं उतरलात तिथंच. म्हणून डॉक्टर आदल्या संध्याकाळी पेशंटला पालथं झोपवून पाठीत सुई टोचायचे, एक्स-रे काढायचे, मणके मोजायचे, आणि नेमक्या जागी जेन्शियन व्हायलेटची फुली करायचे. जांभळी, नखाएवढी. दुसऱ्या दिवशी त्या फुलीवर पट्टी ठेवून चीर.

मी थिएटरात आठवड्यापूर्वी आले होते, आणि एक इंचाचं हे माझं पहिलंच ऑपरेशन. त्याआधी दोन वर्षं मुलांच्या वॉर्डात. तिथं जेन्शियन व्हायलेट म्हणजे रोजचा रंग. तोंड आलं, लाव जांभळं. खरूज झाली, लाव जांभळं. गुडघा फुटला, लाव. पोरं घरी जायची तेव्हा आया म्हणायच्या, सिस्टर, हा डाग काढून द्या नं. मी काढून द्यायची. त्यात माझा हातखंडा होता.

सकाळी फिटरची पाठ तयार करायचं काम माझ्याकडं आलं. एप्रिलचा शेवट, सात वाजताच भिंती गरम. त्या दिवशी ऑपरेशन बघायला चार सर्जन येणार होते, त्यात ते मोठे सर. मी ठरवलं, पाठ अशी चमकली पाहिजे की बघणाऱ्यांनी विचारावं, ही कोणाची तयारी? साबण लावला. कमरेच्या वर एक जांभळा डाग दिसला. मनात म्हटलं, काय बाई हे लोक, ऑपरेशनलाही डाग घेऊन येतात. स्पिरिटचे चार बोळे लागले. हरायला मला आवडत नाही. डाग गेला. फिटर म्हणाला, "सिस्टर, कातडी राहू द्या." मी म्हटलं, "चूप पडा जी."

पावणेआठला मेट्रन बाई दारातून ओरडल्या, "फुलीवर पाणी नाही न गेलं?"

"कोणती फुली?" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण त्याआधीच हातातला जांभळा बोळा दिसला. मी म्हणाले, "नाही, बाई."

मग त्या सव्वीस वर्षांच्या बयेनं काय केलं? डॉक्टर दोनशे पावलांवर होते, मायक्रोस्कोप ढकलत येत होते. तिनं जाऊन सांगावं की नाही? तिनं जेन्शियन व्हायलेटची बाटली काढली, काडीला कापूस गुंडाळला, आणि आठवून आठवून फुली केली. छान केली. नखाएवढी, दोन्ही रेघा सारख्या. तिला स्वतःला ती इतकी आवडली की पाच मिनिटं तिला खरीच वाटली.

पेशंटला भूल दिली, पालथा केला, कापडं टाकली. मी हात धुऊन, हातमोजे घालून हत्यारांच्या ट्रेपाशी उभी. चारही पाहुणे भिंतीशी, मास्कमधून बोलत. मोठे सर म्हणाले, "दाखवा बाबा तुमचं काज." डॉक्टरांनी इंचभर पट्टी माझ्या फुलीवर ठेवली. हात पुढं केला. नजर पाठीवर, फक्त तळहात माझ्याकडं.

"चाकू द्या, सिस्टर."

चाकू माझ्या हातात होता. मी दिला नाही.

मला वाटलं होतं मी मनात काहीतरी ठरवते आहे. तसं काही नव्हतं. मला त्या माणसाची मागं राहिलेली चप्पल दिसत होती, आणि हात पुढं जात नव्हता, एवढंच.

"सिस्टर?"

"सर, ही फुली तुमची नाही," मी म्हणाले. "माझी आहे. तुमची मी पुसली."

भिंतीशी कोणीतरी हसलं. मेट्रन बाईंनी डोळे मिटले.

डॉक्टरांनी पट्टी उचलली. मला वाटलं, आता भिरकावतात. त्यांनी ती ट्रेमध्ये सरळ रेषेत ठेवली.

"कशावरून काढली?"

"आठवणीवरून. म्हणजे... अंदाजानं."

"बरं," ते म्हणाले. भूलतज्ज्ञांना म्हणाले, "साहेब, तुमचा माणूस ठीक आहे नं? अर्धा तास द्या मले." आणि दाराकडं बघून, "एक्स-रेवाल्यांना बोलवा."

फिरतं मशीन यायला पंधरा मिनिटं, फिल्म धुवायला पंधरा. डॉक्टर हातमोज्यांचे हात छातीशी जोडून उभे होते. मोठे सर घड्याळ बघत म्हणाले, "अहो, उघडा आता चांगलं वीतभर. सापडेल कुठंतरी." डॉक्टर म्हणाले, "सर, खुर्ची मागवू का तुमच्यासाठी?" पाहुण्यांपैकी दोघे निघून गेले. डॉक्टर तसेच उभे. मध्येच मला विचारलं, "सकाळी काही खाल्लं होतं का?" मी मान हलवली. "खात जा," म्हणाले. बस्स. तो अर्धा तास मी अजून पुरता संपवलेला नाही.

फिल्म ओलीच आणली, थेंब गळत होते. दिव्यावर लावली. सुई माझ्या फुलीत टोचलेली होती, आणि ती स्वच्छ दिसत होती: बरोबर एक मणका वर. डॉक्टरांनी ओल्या फिल्मसमोर, हात न लावता, बोट धरलं, खालून वर मोजलं, पुन्हा मोजलं. मग नवी जागा धरली, तीही एक्स-रेनं पक्की केली, आणि पट्टी ठेवली.

या वेळी चाकू मी दिला.

पुढचं मी आजवर शेकडो वेळा पाहिलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मायक्रोस्कोपला बाजूनं दुसरा डोळा लावायची सोय होती. ऐन मोक्यावर डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, या. पाहा." मी म्हटलं, मी? मोठे सर उभे होते तिथं. "तुम्हीच," ते म्हणाले.

मी डोळा लावला. मला वाटलं होतं रक्त दिसेल. दिसलं ते एक शांत, उजळलेलं घर. बाहेरून माझ्या करंगळीची दोन पेरं मावणार नाहीत एवढी चीर, आणि आत एवढं अंगण. त्यात नस. चकचकीत पांढरी असायला हवी, पण एका जागी चपटी झालेली, लालसर, ताणलेली. आणि तिच्याखाली तो: शिजलेल्या खेकड्याच्या मांसासारखा पांढरा तुकडा, एवढासा. या एवढ्याशासाठी एक माणूस आपली चप्पल सोडून चालत होता.

"ये रे बाप्पा," डॉक्टर पुटपुटले. "लय दिवस राहिला." चिमटा गेला, पकडलं, घाई नाही, ओढाताण नाही. तुकडा आला. आणि मग ती नस, जी इतके महिने ताठ पडून होती, ती हळूच खाली बसली. जागेवर टेकली. तिच्याशेजारचं पांढरं आवरण श्वासासारखं वर-खाली व्हायला लागलं.

मी त्याआधी बाळंतपणं पाहिली होती, मरणं पाहिली होती. इतकं हळुवार काही पाहिलं नव्हतं. शेजारी मोठे सर कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही. म्हणाले, "सरका हो सिस्टर, मलाही बघू द्या." डोळा लावला तो काढेनात. खिशाचा आणि काजाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

डॉक्टरांची नजर मात्र तेव्हाही वर आली नाही. ते नसेशी बोलत होते. "झालं वं. आता पडून राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी फिटरचा अंगठा वर आला. ज्वारीच्या दाण्याएवढा, पण आला. (पूर्ण पाऊल उचलायला त्याला तीन महिने लागले, शिडी त्यानंतर.) कळ तर भुलीतून उठतानाच गेली होती. मला वाटलं, सुटले. दुपारी थिएटर आटोपून डॉक्टर आले.

"चला, सिस्टर. त्यायले सांगू."

"काय सांगायचं, सर?"

"जे मले सांगितलं ते."

"पण सर, सगळं तर चांगलं झालं! आता कशाले..."

"पाठ कोनाची आहे?" ते म्हणाले.

त्या काळी पेशंटला असं काही कोणी सांगत नसे. आजही फार सांगतात असं नाही.

फिटर उशीला टेकून बसला होता, बायको चमच्यानं खिचडी भरवत होती. डॉक्टर खाटेच्या पायाशी उभे राहिले आणि आधी स्वतःच बोलले. "जागेची खूण मी केली होती. ते पुसल्या गेली अन् तिथं दुसरी होती, हे मले ओळखू आलं नाही. ते माझी चूक. बाकीचं हे सांगतात."

मी सांगितलं. डाग, स्पिरिट, काडी, कापूस, सगळं. एक मणका वर होते हेही. बायकोचा चमचा हवेतच थांबला. तिनं माझ्याकडं जे बघितलं ते बघणं तिनं घरी जाईपर्यंत बदललं नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

फिटरनं आपला अंगठा एकदा हलवून बघितला.

"आमच्या इथं," तो म्हणाला, "मशीनवर मानूस चढला की खाली बटनावर लाल पाटी टांगतेत. ज्यानं टांगली त्यानंच काढायची. मोठे साहेब आले तरी दुसऱ्यानं हात नाही लावायचा. पाटी हालली तं वरचा मानूस मरते, सिस्टर."

"हो," मी म्हणाले.

"तुम्ही पाटी हालवली."

"हो."

"अन् मंग बोंबलल्या बी तुम्हीच." त्यानं बायकोच्या कोपराला हात लावला. "दे वं, थंड होऊन राहिलं."

व्हरांड्यात मायक्रोस्कोप उभा होता, कानाच्या विभागात परत जायचा. मी न विचारताच दुसरी बाजू धरली, आणि डॉक्टरांनी धरू दिली. ढकलता ढकलता मी म्हणाले, सर, मी बदलीचा अर्ज लिहिला आहे, मुलांच्या वॉर्डात परत जाते. तो अर्ज माझ्या खिशात खरंच होता, सुंदर अक्षरात.

डॉक्टर न थांबता, पुढं बघत म्हणाले, "अर्ज-बिर्ज राहू द्या. उद्या कुहीच्या एक बाई आहेत. सुई मी टोचतो, फिल्म दोघं मिळून पाहू, पन खूण तुम्ही करायची, अन् तुमच्याशिवाय तिले कोनी हात लावायचा नाही. तुमच्याइतकं भेऊन खूण करनारं मानूस मले अख्ख्या नागपुरात दुसरं भेटनार नाही, सिस्टर."